वाऱ्याच्या आडोशानं

गेल्या आठवड्यात दोन रात्री जोराचा वारा सुटला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा फिरायला लागला. मुंबईत गोरेगाव पूर्वेला आरेच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना तो तोंडपाठ असेल : ‘वारा तुमच्याकडून जंगलाकडे वाहत असेल तर बाहेर पडू नका, बिबट्याला माणसाचा वास लागतो.’

शाळेतला भूगोल आठवा. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री उलट मतलई वारे. पावसाळा सोडला तर मुंबईचा हा रोजचा परिपाठ. समुद्र आमच्या पश्चिमेला, जंगल पूर्वेला. म्हणजे मेसेजप्रमाणे रोज दुपारी चारला आम्ही दारं लावून बसायचं आणि बिबट्या फिरतो त्या वेळी, रात्री, बिनधास्त हिंडायचं!

मार्जार कुळातले प्राणी भक्ष्य शोधतात ते मुख्यतः डोळ्यांनी आणि कानांनी. नाकाचा प्रश्न येतो तो भक्ष्याच्या बाजूनं. चितळाला बिबट्याचा वास आला की खेळ संपला, म्हणून वाघ-बिबटे वाऱ्याकडे तोंड करूनच दबा धरतात असं शिकारकथांत वाचलेलं असतं. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी 1966 पासून तीनेक वर्षं टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांच्या शिकारी पाहिल्या. वाऱ्याकडे तोंड करून केलेल्या शिकारी जास्त साधत होत्या, पण सिंह वाऱ्याच्या दिशेची फारशी फिकीर करत नव्हते. फायदा समोर होता, तो घ्यायचं त्यांच्या डोक्यात येत नव्हतं. बिबट्यालाही तेच लागू आहे असं मी म्हणणार नाही, पण ‘जंगली जनावराला सगळं कळतं’ हा भाबडेपणा सोडायला हरकत नाही.

मला स्वतःला वासापेक्षा आवाजाचं गणित जास्त आवडतं. उघड्यावर आवाज पसरत जातो तसा अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलनं उतरतो. हेच उलटं फिरवा. आसपासचा गोंगाट 6 डेसिबलनं वाढला, तर तोच आवाज ऐकू येण्याचं अंतर निम्म्यावर येतं. 12 डेसिबलनं वाढला तर पाव. समजा शांत रात्री सागाच्या वाळक्या पानावर पडलेला पंजा चितळाला 40 मीटरवरून ऐकू येतो. वाऱ्यानं सळसळ 12 डेसिबलनं वाढवली की तोच पंजा 10 मीटरवर येईपर्यंत ऐकू येणार नाही. बिबट्या लांब पल्ल्याचा धावपटू नव्हे. जितकं जवळ सरकता येईल तितकं सरकायचं आणि शेवटची झेप टाकायची, ही त्याची रीत. त्याला हे 30 मीटर फुकटात मिळाले.

गोंगाट कुठलाही चालत नाही, ही यातली मेख. लोकल गेल्यावर जमीन घुमते तो आवाज जाड, खालच्या पट्टीतला. पान चुरगळल्याचा आवाज वरच्या पट्टीतला. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर पडल्या तरच एक दुसरीला नीट झाकते. पानांची सळसळ पानावरच्या पावलाला झाकते, कारण दोन्ही आवाज एकाच जातीचे.

वारा एकसारखा वाहतही नाही. झोत येतो, विरतो, पुन्हा येतो. मग शिकाऱ्यानं झोतात पाऊल टाकायचं आणि वारा पडला की गोठून उभं राहायचं. असं कुणी खरंच करतं का? करतं, आणि तो प्राणी नखाएवढा आहे. पोर्शिया नावाचा उड्या मारणारा कोळी इतर कोळ्यांना त्यांच्याच जाळ्यात जाऊन खातो. जाळं विणणाऱ्या कोळ्याची नजर अधू. त्याचं जग म्हणजे पायांना कळणारी धाग्यांची थरथर. अडकलेली माशी धागा एका जागी भराभर, आडवातिडवा हलवते. वारा अख्खं जाळं हेलकावतो. पोर्शियाचं पाऊल धाग्यावर पडलं की मालकाला ते कळायलाच हवं. पण वाऱ्यानं जाळं हललं की पोर्शिया सरसावतो, लांब आणि भरभर चालतो. हेलकावा थांबला की बेत आखल्यासारखा मंदावतो. 1996 मध्ये हे प्रयोगांसह प्रसिद्ध झालं. वाऱ्याऐवजी संशोधकांनी जाळं हलवलं तरी तो तसाच वागला. मोहरीएवढ्या मेंदूत ही हिशेबी सबुरी कुठं मावते, हे मला अजून पचलेलं नाही.

हा आडोसा सगळ्या शिकाऱ्यांना मात्र मानवत नाही. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात नुसत्या कानांनी उंदीर पकडतं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो, त्यामुळे आवाज किती उंचीवरून आला हेही त्याला कळतं. सळसळीत उंदराची कुरतड बुडाली की ही सगळी यंत्रणा निकामी.

ग्रुपवर पुढे एकानं गेटला लिंबू-मिरची बांधायची सूचना केली, दुसऱ्यानं बिबट्या पळवणाऱ्या आवाजाच्या यंत्राची लिंक टाकली. मागच्या भिंतीलगत साचलेल्या कचऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. कचऱ्यावर कुत्री येतात, आणि मुंबईतल्या बिबट्याच्या जेवणात कुत्री भरपूर असतात. त्याला बोलावणं माणसाच्या वासानं जात नाही.

भक्ष्यापुढे वाऱ्याच्या रात्री दोनच वाटा उरतात. प्रत्येक सळसळीला दचकायचं आणि चरणं सोडून मान वर ठेवायची. नाहीतर सळसळ कानाआड करायची आणि एखादी खरी चाहूल निसटू द्यायची. मधली वाट नाही, कारण कान तेच आणि गोंगाट वाढलेला. हे मी गेटवरच्या वॉचमनकाकांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, वारा असला की ही कुत्री उडत्या पिशवीवर पण भुंकतात. म्हणून तर त्या रात्री मी उठून बघत नाही.”