चरबी नाही, म्हणून भूक फार

थंड समुद्रात राहायचं तर कातडीखाली चरबीचा जाड थर हवा. देवमाशांकडे तो आहे, सीलकडे आहे, वॉलरसकडे आहे. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या समुद्री पाणमांजराकडे मात्र नाही. तरीही ते खातं, झोपतं, पिल्लं वाढवतं ते सगळं पाण्यातच. अलास्काच्या हिवाळ्यात हे पाणी शून्य अंशाच्या जेमतेम वर असतं.

चरबीची उणीव ते दोन गोष्टींनी भरून काढतं. पहिली गोष्ट केस. अंगावर जिथे ते सर्वांत दाट असतात तिथे एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखाच्या वर केस भरतात; माणसाच्या अख्ख्या डोक्यावर साधारण तेवढे असतात. या केसांत हवा अडकून राहते आणि पाणी त्वचेपर्यंत पोचतच नाही. नवजात पिल्लाच्या केसांत तर इतकी हवा असते की ते बुडूच शकत नाही. आई तळाशी शिकारीला गेली की ते बुचासारखं वर तरंगत राहतं.

दुसरी गोष्ट भूक. पाणमांजर रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव भाग खातं. म्हणजे ३० किलोच्या प्राण्याला दिवसाला सात-साडेसात किलो खाणं लागतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यामागचं एक कारण समोर आलं. त्याच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींची ऊर्जाकेंद्रं, मुद्दामच गळकी असतात. अन्नातल्या ऊर्जेचा मोठा वाटा हालचालीला न लावता ती सरळ उष्णतेत घालवतात. घरातली शेगडी कायम पेटती ठेवायची तर इंधनही कायम लागणारच.

केसांनी या प्राण्याचा घात केला आणि भुकेने त्याला समुद्रात महत्त्वाचं स्थान दिलं.

घाताची सुरुवात १७४१ सालची. रशियासाठी सफर करणारा दर्यावर्दी व्हिटस बेरिंग याच्या मोहिमेचं जहाज कामचाटकाजवळच्या एका निर्जन बेटावर फुटलं. बेरिंग तिथेच वारला. जे वाचले ते पाणमांजरांचं मांस खाऊन जगले आणि पुढच्या वर्षी शेकडो कातडी घेऊन परतले. चीनच्या बाजारात या कातड्यांना सोन्याचा भाव आला आणि रशियन व्यापारी अलास्कापासून कामचाटकाच्या दिशेने पसरलेल्या अल्यूशियन बेटांवर तुटून पडले. शिकार मात्र ते स्वतः फारशी करत नसत. बेटावरच्या अल्यूत लोकांच्या बायकामुलांना ओलीस ठेवायचं आणि पुरुषांना होड्या घेऊन समुद्रात पाठवायचं, अशी रीत होती. पाणमांजरांच्या कहाणीत हा भाग सहसा गाळला जातो, तो गाळू नये. पुढे ब्रिटिश आणि अमेरिकी जहाजंही या धंद्यात उतरली. हा धंदा सुरू होण्याआधी जपानपासून मेक्सिकोपर्यंतच्या किनाऱ्यावर दीड ते तीन लाख पाणमांजरं असावीत असा अंदाज आहे. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली तेव्हा जेमतेम एक-दोन हजार उरली होती, तीही तेराएक ठिकाणी विखुरलेली.

भुकेचं महत्त्व कळायला मात्र १९७० चं दशक उजाडावं लागलं. जेम्स एस्टिस हा तरुण संशोधक अल्यूशियन बेटांपैकी अमचिटका बेटावर पाणमांजरांचा अभ्यास करत होता. तिथे आलेले परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी त्याला प्रश्न उलटा करून पाहायला सुचवलं. केल्पचं जंगल पाणमांजरांना काय देतं हे सोड, पाणमांजरं जंगलाचं काय करतात ते बघ. केल्प म्हणजे खडकाला धरून वाढणारं अवाढव्य तपकिरी शैवाल. कॅलिफोर्नियातलं जायंट केल्प ३० मीटरहूनही जास्त वाढू शकतं आणि मासे, खेकडे, गोगलगायी त्याच्या आसऱ्याला असतात.

एस्टिस मग पाणमांजरं नसलेल्या शेम्या बेटावर गेला. पाण्यात डोकं घातल्याबरोबर त्याला फरक दिसला. केल्प नाही, तळाशी नजर जाईल तिथे सी अर्चिन, हिरवट काटेरी प्राण्यांचा नुसता सडा. अमचिटकाला दाट जंगल होतं आणि अर्चिन लहान, मोजके, कपारीत दडलेले. अर्चिन केल्पचं बूड कुरतडतात. बूड सुटलं की अख्खं केल्प लाटांबरोबर वाहून जातं. पाणमांजर या अर्चिनना तळावरून उचलतं, पुढच्या पायाखालच्या सैल कातडीच्या खिशात भरतं, वर येऊन पाठीवर तरंगत एकेक फोडून खातं. कवच कठीण असेल तर छातीवर दगड ठेवून त्यावर आपटतं. जांभळे अर्चिन सतत खाणाऱ्या पाणमांजरांची हाडंसुद्धा जांभळट होतात. एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांचा या दोन बेटांवरचा लेख १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

याच अमचिटकावर अमेरिकेने जमिनीखाली तीन अणुचाचण्या केल्या. शेवटच्या, १९७१ च्या स्फोटात शेकडो पाणमांजरं मेली. पण चाचण्यांच्या काळातच तिथली काही पाणमांजरं उचलून इतर किनाऱ्यांवर नेली गेली होती. आग्नेय अलास्कात सोडलेल्या चारशेएक प्राण्यांची आज २०,००० हून अधिक प्रजा आहे.

अल्यूशियनमध्येही सगळं सावरतंय असं वाटत असताना १९९० च्या दशकात संख्या पुन्हा कोसळली. मेलेले प्राणी किनाऱ्याला लागत नव्हते, उपासमार किंवा रोगाची चिन्हं नव्हती, पिल्लं नेहमीसारखी होत होती. उरला शिकारी. एडाक बेटावरच्या क्लॅम लगूनचं तोंड इतकं अरुंद आणि उथळ आहे की ओर्का, म्हणजे किलर व्हेल, आत शिरू शकत नाही. तिथली संख्या जवळपास टिकून राहिली. लगतच्या खुल्या कुलुक उपसागरातली मात्र चारेक वर्षांत तीन चतुर्थांश पाणमांजरं नाहीशी झाली. एस्टिस आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: फक्त पाणमांजरंच खाणारे चार ओर्कासुद्धा एवढी घसरण घडवू शकतात. ओर्का अचानक इकडे का वळले यावर अजून एकमत नाही. अर्चिन मात्र वाढले आणि केल्प गेलं.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, जिथे अर्चिन माजलेत तिथे पाणमांजरं सोडा, काम झालं. मला हा विचार घाईचा वाटतो. २०१३ पासून एका रोगाने पॅसिफिक किनाऱ्यावरचे तारामासे मारले. अर्चिन खाणारा मोठा सनफ्लॉवर तारामासाही त्यात जवळजवळ संपला. पाठोपाठ समुद्र तापला आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेलं. उघड्या पडलेल्या खडकांवरचे अर्चिन उपाशीपोटी वर्षानुवर्षं जगतात, पण त्यांच्या कवचात खाण्याजोगं काही उरत नाही. माँटेरे उपसागरातल्या पाणमांजरांनी हे बरोबर ओळखलं. ती उरल्यासुरल्या केल्पमधले भरलेले अर्चिन खात राहिली आणि पोकळ अर्चिनच्या माळरानाकडे फिरकली नाहीत. त्यामुळे शिल्लक जंगलाचे तुकडे वाचले, गेलेलं जंगल परत आलं नाही. भुकेलं पाणमांजर उष्मांकांचा हिशेब बघतं; समुद्राची साफसफाई हा त्याचा धंदा नाही.

ते दुसरीकडे वेगळंच काम करून जातं. कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत पाणमांजरं परतली आणि खेकडे खाऊ लागली. हे खेकडे खारपाणथळीच्या काठात बिळं करतात, झुडपांची मुळं खातात. ते कमी झाल्यावर काठ ढासळण्याचा वेग बराच उतरला. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे निष्कर्ष आले. या खाडीतली बरीच पाणमांजरं माँटेरे बे मत्स्यालयात पाळक-आई झालेल्या पाणमांजर माद्यांकडे वाढलेली अनाथ पिल्लं किंवा त्यांची संतती आहेत.

कॅलिफोर्नियात आज साधारण ३,००० पाणमांजरं आहेत आणि बरीच वर्षं हा आकडा फारसा हललेला नाही. त्यांच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोठे पांढरे शार्क असतात. शार्क त्यांना खात नाहीत, नुसता चावा घेऊन सोडतात. तेवढ्याने ती मरतात. त्यामुळे ती आपण होऊन उत्तरेला सरकत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या किनाऱ्यावर त्यांना माणसांनी नेऊन सोडणं शक्य आहे, असा अहवाल दिला. पण तिथे खडकाळ तळावरचे बरेच अर्चिन पोकळ आहेत. सोडलेली पाणमांजरं आधी खेकड्यांवर ताव मारतील, आणि त्याच खेकड्यांवर तिथल्या मच्छीमारांचं पोट चालतं.