मधुमेहाच्या औषधांची रक्तातील पातळी मोजण्याच्या पद्धती

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर ते औषध रक्तात नेमके किती आहे, हे या प्रयोगशालेय पद्धतींनी मोजतात. शुगर किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) या नेहमीच्या तपासण्यांतून औषधाचा परिणाम दिसतो, औषध दिसत नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहता मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आहे : २६.४ टक्के, तर देशाची सरासरी ११.४ टक्के. तरीही औषधाची पातळी इथे क्वचितच तपासली जाते, कारण डॉक्टर मात्रा ठरवतात ती साखर बघूनच. या पद्धतींचा मोठा वापर होतो तो औषधनिर्मितीत. वेर्णा, कुंडईसारख्या वसाहतींत औषध कारखाने असलेल्या गोव्याला तो विषय परका नाही. नवी जेनेरिक गोळी (त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली) मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते, हे मूळ गोळीच्या ८० ते १२५ टक्क्यांच्या मर्यादेत सिद्ध करावे लागते.

मधुमेहाचे नेहमीचे औषध असलेले मेटफॉर्मिन मोजणे दिसते तितके सोपे नाही. त्याचा रेणू लहान आणि पाण्याकडे ओढ असलेला. नेहमीच्या सी-१८ स्तंभात (मिश्रणातले घटक वेगळे करणारी भरलेली नळी) तो थांबतच नाही, क्षारांबरोबर वाहून जातो. म्हणून हिलिक प्रकारचा (पाण्याकडे ओढ असलेले रेणू धरून ठेवणारा) स्तंभ वापरतात किंवा द्रावणात सोडियम डोडेसिल सल्फेट हे साबणासारखे रसायन घालून त्याला रोखून धरतात. ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळीतले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा (रक्तद्रव) काढतात. त्यात ॲसिटोनायट्राइल टाकताच प्रथिने पांढरी होऊन तळाशी बसतात आणि वरचे नितळ द्रावण यंत्रात जाते. ते २३५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात मोजता येते. पण खात्रीची पद्धत म्हणजे एलसी-एमएस/एमएस, म्हणजे घटक वेगळे करून रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणे. त्यात ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) मेटफॉर्मिन ठरावीक प्रमाणात आधीच मिसळतात. नमुना हाताळताना जेवढे खरे औषध वाया जाते, जवळपास तेवढेच तेही जाते, त्यामुळे हिशेब चुकत नाही. मेटफॉर्मिन तांबड्या पेशींतही साठते. प्लाझ्मातले त्याचे अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे सहा तास, तर पूर्ण रक्तातले साडेसतरा तासांच्या घरात. म्हणून मोजणी कशावर केली, हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

हे औषध शरीरात मोडत नाही, लघवीवाटे तसेच बाहेर पडते. मूत्रपिंड निकामी झाले की ते साचते. त्यातून लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल साचणे) झालेल्या रुग्णांत पातळी बहुधा मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर सापडते. मात्र हा अहवाल यायला वेळ लागतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) काय किंवा तालुक्याच्या इस्पितळात काय, डायलिसिसचा निर्णय लॅक्टेट आणि रक्ताची आम्लता पाहूनच घ्यायला हवा. अहवालासाठी थांबणे जिवावर बेतू शकते.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्यांची पातळी नॅनोग्रॅममध्ये असते. साखर अचानक घसरून रुग्ण बेशुद्ध पडला आणि कारण कळत नसेल, तर ही तपासणी फार मोलाची ठरते. मुले परदेशी, घरात वयस्क माणसे एकटी, अशा घरांत तीच गोळी विसरून दोनदा घेतली जाणे अशक्य नाही. नमुना साखर कमी असतानाच, शक्यतो ग्लुकोज चढवण्याआधी घ्यावा. पण त्यासाठी उपचार लांबवू नयेत. त्याच नमुन्यात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडही (शरीर स्वतःचे इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा) मोजतात. इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी असेल, तर इन्सुलिन बाहेरून टोचलेले असते. दोन्ही जास्त असतील, तर या गोळ्या किंवा स्वादुपिंडाची गाठ असा संशय येतो. गोळीचा अंश सापडला की शंका फिटते.

इन्सुलिन मोजण्याची किरणोत्सर्गी प्रतिद्रव्य पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. त्यासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. आजचे प्रतिद्रव्यांवर चालणारे काही तपासणी संच लिस्प्रो, ग्लार्जिनसारखी बदललेली इन्सुलिने नीट ओळखत नाहीत. अशा वेळी टोचलेले इन्सुलिन असूनही आकडा कमी येतो, म्हणून कोणता संच वापरला हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.