मुदतीचा दिवस: बेसबॉलमधली खेळाडूंची अदलाबदल आणि ड्रेसिंग रूम

जुलै सरत आला की अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दुनियेत एकच विषय उरतो: कोण कुठे जाणार. मेजर लीगच्या ३० संघांना हंगाम चालू असतानाही आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते, पण ठरावीक दिवसापर्यंतच. हा दिवस साधारण ३१ जुलैच्या आसपासचा. अलीकडे मुदत संपते ती तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे पुण्या-मुंबईत पहाटे साडेतीनला. त्या अडनिड्या वेळी फोन हातात धरून बसणारे आपल्याकडे मोजकेच. बहुतेकांचा भाचा किंवा पुतण्या न्यू जर्सीत वाढलेला असतो.

एका संघाच्या वाट्याला हंगामात १६२ सामने येतात. फेब्रुवारीतल्या सरावापासून निदान सप्टेंबर संपेपर्यंत हे पंचवीस-सव्वीस जण एकत्र जेवतात, एकत्र विमानात बसतात, एकाच खोलीत कपडे बदलतात. बेसबॉलवाले तिला क्लबहाउस म्हणतात, आपल्या भाषेत ड्रेसिंग रूम. दोन तृतीयांश हंगाम उलटल्यावर या घडीतून एक माणूस उचलून दुसरा बसवला तर काय होतं, यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. ज्या माणसांनी ही मुदत घातली त्यांच्या डोक्यात मात्र हा प्रश्न नव्हता. त्यांना भीती होती पैशाची.

गोष्ट १९२२ सालची. सेंट लुईस शहरात तेव्हा दोन संघ होते, ब्राउन्स आणि कार्डिनल्स. ब्राउन्सची न्यूयॉर्कच्या यँकीजशी अटीतटीची चुरस चालली होती आणि त्यांचा जॉर्ज सिसलर त्या वर्षी .४२० च्या सरासरीने, म्हणजे हजार संधींत ४२० यशस्वी फटके या हिशेबाने, फटकेबाजी करत होता. २३ जुलैला यँकीजनी बॉस्टनच्या रेड सॉक्सकडून जो ड्यूगन हा तिसऱ्या बेसवरचा (बेस म्हणजे धावणाऱ्याचे मैदानातले थांबे) खंदा खेळाडू उचलला. बदल्यात काही किरकोळ खेळाडू आणि रोकड. बेब रूथला यँकीजना विकणारे हेच रेड सॉक्स. आठवडाभरात न्यूयॉर्कच्याच जायंट्सनी बॉस्टनच्या दुसऱ्या संघाकडून ह्यू मॅक्विलन हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला, तोही रग्गड पैसे मोजून. ब्राउन्सचं लीगचं विजेतेपद एका सामन्याच्या फरकाने हुकलं. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, समोरासमोर आले ते हेच दोन खरेदीदार, यँकीज आणि जायंट्स. सेंट लुईसमध्ये बोंबाबोंब झाली नसती तरच नवल. माजी न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस तेव्हा बेसबॉलचे पहिले कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, होते. आधीच्या मुदती ढिल्या आणि उशिराच्या होत्या. त्यांनी १९२३ पासून १५ जून ही तारीख ठोकून दिली. ती पुढे साठहून जास्त वर्षं टिकली.

त्याच १९२२ च्या ३० मे रोजी एक गंमत घडली होती. शिकागो कब्स आणि कार्डिनल्स यांच्यात एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर, दुसरा सुरू होण्याआधी मॅक्स फ्लॅक आणि क्लिफ हीथकोट यांची अदलाबदल झाली. सकाळी एका संघाकडून खेळलेले दोघं दुपारी समोरच्या संघात. त्यांना कुणी विचारल्याचा प्रश्नच नव्हता. खेळाडू ही क्लबची मालमत्ता होती आणि मालमत्तेला मत नसतं.

१५ जूनच्या मुदतीतला सगळ्यात गाजलेला सौदा १९६४ चा. कार्डिनल्सनी आदल्या हंगामात १८ सामने जिंकून देणारा पिचर अर्नी ब्रॉग्लिओ कब्सना दिला आणि जेमतेम .२५० च्या सरासरीचा तरुण लू ब्रॉक घेतला. कार्डिनल्सच्या ड्रेसिंग रूममध्ये सूर नाराजीचा होता. ब्रॉग्लिओ त्यांचा लाडका होता. ब्रॉकने उरलेल्या हंगामात .३४८ ची सरासरी काढली, संघाने यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि ब्रॉग्लिओने कब्ससाठी अडीच-तीन वर्षांत मिळून सात विजय मिळवले. ड्रेसिंग रूमला सगळं कळतं असं मानणाऱ्यांनी हा सौदा लक्षात ठेवलेला बरा.

मालमत्तेला मत असतं, असं ठणकावून सांगणारा पहिला माणूसही याच कार्डिनल्सचा. १९६९ च्या हंगामानंतर कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला पाठवण्याचं ठरलं आणि त्याने चक्क नकार दिला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये तो ५-३ असा हरला. पण पुढच्याच वर्षी नियम आला: लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही. १९७५ च्या अखेरीला लवादाने करार संपलेल्या खेळाडूंना मोकळं केलं आणि खेळाचं अर्थकारणच फिरलं.

ऑक्टोबरनंतर खेळाडू फुकट निघून जाणार असेल, तर जूनमध्येच विकून चार पैसे का करू नयेत? ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी १५ जून १९७६ ला हेच केलं. व्हायडा ब्लू यँकीजना १५ लाख डॉलरला. जो रूडी आणि रॉली फिंगर्स रेड सॉक्सना प्रत्येकी १० लाखांना. कमिशनर बोवी कून यांनी तीन दिवसांत सगळे व्यवहार रद्द केले. बरोबर वर्षाने न्यूयॉर्क मेट्सनी टॉम सीव्हर या आपल्या दैवताला सिनसिनाटीला धाडलं. मेट्सचे जुने चाहते त्या रात्रीला अजून कत्तलीची रात्र म्हणतात.

भाड्याचा खेळाडू ही कल्पना इथून रुजली. करार संपायला तीन महिने उरलेला तारा घ्यायचा, बदल्यात खालच्या लीगमधली कोवळी पोरं द्यायची. १९८६ पासून मुदत ३१ जुलैवर गेली आणि या धंद्याला बरकत आली, कारण जूनच्या मध्यावर आपण शर्यतीत आहोत की नाही हे निम्म्या संघांना धड कळत नसे, जुलैअखेर कळतं. त्यापुढेही एक चोरवाट होतीच. बाकीच्या संघांनी खेळाडूवर हक्क सांगितला नाही, तर ऑगस्टमध्येही सौदा होत असे. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटने याच वाटेने डॉइल अलेक्झांडर हा पिचर आणला. तो नऊ विजय, शून्य पराभव असा अपराजित राहिला आणि संघाने विभाग, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकला. त्याच्या बदल्यात अटलांटाला गेलेला वीस वर्षांचा पोरगा जॉन स्मॉल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचला. २०१९ पासून ही चोरवाट बंद झाली. आता मुदत एकच.

इथवरचा हिशेब कौशल्याचा: कोणी किती दिलं, किती मिळवलं. ड्रेसिंग रूमचा हिशेब वेगळा असू शकतो, ही चर्चा रंगली २००४ मध्ये. रेड सॉक्सचे तरुण जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन यांनी ३१ जुलैला नोमार गार्सियापारा कब्सना देऊन टाकला. दोनदा लीगचा अव्वल फलंदाज ठरलेला, बॉस्टनमधल्या पोरांच्या पाठीवर ज्याचं नाव असायचं तो नोमार. दुखापती, कराराची कुरबुर आणि रुसवेफुगवे यांनी तो संघात एकटा पडत चालला होता. बदल्यात आले ओर्लँडो काब्रेरा आणि डग मिएंटकेविच. हा मिएंटकेविच मिनेसोटाच्या संघातला, आणि त्या दिवशी सामना होता मिनेसोटातच. तो सामान उचलून समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि त्याच संध्याकाळी जुन्या सोबत्यांविरुद्ध खेळला. काब्रेराने बॉस्टनकडून पहिल्याच खेपेला होम रन, म्हणजे कुंपणापार जाणारा फटका, मारला. त्याहून जास्त लोकांना आठवतं ते त्याचं हस्तांदोलन: प्रत्येक सोबत्याशी वेगळं, टाळ्या-कोपर-खांदा असं काहीतरी ठरवलेलं. त्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून एक बदली खेळाडूही गुपचूप घेतला होता, डेव्ह रॉबर्ट्स. ऑक्टोबरमध्ये यँकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवर, चौथ्या सामन्याच्या नवव्या, एरवी शेवटच्या डावात रॉबर्ट्स दुसऱ्याच्या जागी फक्त धावायला आला. मारियानो रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू टाकून त्याला जखडायचा प्रयत्न केला. हा पळणार हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी त्याने दुसरा बेस चोरला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच धावून तो गाठला. तिथून बॉस्टनने मालिका फिरवली आणि १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं.

म्हणजे रुसलेला तारा गेला आणि संघ जुळून आला? थांबा. त्याच मुदतीत डॉजर्सनी पॉल लो डूका हा कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, फ्लोरिडाला दिला. लो डूका म्हणजे त्या संघाचा प्राण, असं सगळे म्हणत. लॉस एंजेलिसमध्ये आक्रोश झाला आणि डॉजर्सनी तरीही विभाग जिंकला. जिंकणाऱ्या संघाचं जुळलेलं असतं आणि हरणाऱ्याचं बिनसलेलं, हे निकाल लागल्यावर कुणीही सांगतं.

मला वाटतं, कोण गेला यापेक्षा त्याच्या जाण्यातून खोलीला काय ऐकू गेलं हे जास्त लागतं. अदलाबदल हा वरच्या मजल्यावरून खाली आलेला निरोप असतो. २००४ च्या बॉस्टनला ऐकू गेलं: यंदाच जिंकायचंय. २०२१ च्या अटलांटाचंही तसंच. त्यांचा तारा रोनाल्ड अकुन्या जुलैत गुडघ्याने गेला आणि संघ निम्मे सामनेही जिंकत नव्हता. जनरल मॅनेजर अॅलेक्स अँथोपुलस यांनी हात टेकण्याऐवजी आउटफील्डसाठी, म्हणजे कुंपणाजवळच्या क्षेत्ररक्षणासाठी, एकदम चौघांना आणलं: पीडरसन, डुव्हॉल, सोलेर, रोसारियो. कुणीही त्या घडीला महागडं नाव नव्हतं. पीडरसन गळ्यात मोत्यांची माळ घालून खेळू लागला आणि प्रेक्षकही माळा घालून येऊ लागले. रोसारियो नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला, सोलेर वर्ल्ड सिरीजचा.

उलटा निरोप गेला मिलवॉकीत, १ ऑगस्ट २०२२ ला. ब्रुअर्स आपल्या विभागात आघाडीवर होते, ५७-४५. आणि त्यांनी आपला क्लोजर जॉश हेडर सॅन दिएगोला दिला. क्लोजर म्हणजे हातात आलेला सामना शेवटच्या डावात राखणारा पिचर. तो गेला की मागच्या सगळ्यांची कामं सरकतात: आठवा डाव टाकणारा नवव्यात, सातवा टाकणारा आठव्यात. शिवाय राखीव पिचर रोज रात्री मैदानाच्या कडेला एकाच बाकावर तीन तास बसतात. त्यांच्यात जे असतं ते इतरांना कळत नाही. पहिल्या क्रमांकावर असताना आपलाच माणूस विकला, हे खेळाडूंना पचलं नाही आणि त्यांनी ते उघड बोलून दाखवलं. लगोलग पिट्सबर्गसारख्या तळाच्या संघाकडून सलग तीन पराभव. पुढचे ६० सामने २९-३१, आणि प्लेऑफ एका विजयाने हुकला. परिणाम आपल्या अंदाजापेक्षा मोठा झाला, हे ब्रुअर्सचे सूत्रधार डेव्हिड स्टर्न्स यांनीही नंतर मान्य केलं. मात्र या सौद्यात मिळालेला एस्तेउरी रुईझ पुढे दुसऱ्या व्यवहारात देऊन ब्रुअर्सनी विल्यम कॉन्ट्रेरास मिळवला, आणि तो लीगमधल्या उत्तम कॅचरांपैकी एक निघाला. वहीत फायदाच. फक्त तो २०२२ च्या खोलीत बसलेल्यांच्या वाट्याला आला नाही.

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणून रोहित शर्माच्या जागी कर्णधार केल्यावर २०२४ मध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी केलेली हुर्यो आठवा. कागदावर संघ भक्कम होता. मुंबई इंडियन्स शेवटच्या क्रमांकावर राहिले.

माझं म्हणणं सगळीकडे बसतं असंही नाही. २०१४ च्या ओकलंडने निरोप अगदी स्वच्छ दिला होता. ६६-४१ अशी लीगमधली सर्वोत्तम कामगिरी असताना त्यांनी घणाघाती योएनिस सेस्पेडेस देऊन बॉस्टनकडून जॉन लेस्टर घेतला: यंदा सर्वस्व पणाला. लेस्टरने पिचिंग उत्तम केली, पण संघाची फलंदाजी आटली आणि उरलेले सामने २२-३३ असे गेले. कॅन्सस सिटीविरुद्धच्या एका सामन्याच्या बाद फेरीत ७-३ अशी आघाडी असताना ते बाराव्या डावात ९-८ हरले. प्रतिस्पर्ध्यांनी त्या रात्री सात बेस चोरले. सेस्पेडेस गेल्याने खोलीचा धीर सुटला, की फक्त धावा करणारा माणूस कमी झाला? दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे आजही भेटतात.

हाच सेस्पेडेस वर्षभराने, ३१ जुलै २०१५ ला, मेट्सकडे आला आणि ५७ सामन्यांत १७ होम रन मारून संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत घेऊन गेला. पण त्या आठवड्यातलं लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलेलं चित्र दुसरंच. दोन रात्री आधी घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी फोनवर बातमी वाचली की विल्मर फ्लोरेसला मिलवॉकीला दिलंय. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि फ्लोरेसला कळलं. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलाहून मेट्सकडे आलेला हा पोरगा दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपच्या जागी उभा राहून डोळे पुसत होता, चेंडू चालूच होते. मॅनेजर टेरी कॉलिन्सना काहीच माहीत नव्हतं. शेवटी वैद्यकीय तपासणीवरून सौदा मोडला. ३१ तारखेला बाराव्या डावात फ्लोरेसनेच होम रन मारून वॉशिंग्टनविरुद्धचा सामना जिंकला आणि धावताना छातीवरचं मेट्स हे नाव मुठीत धरलं.

सिॲटलची कथा यातल्या कुठल्याच साच्यात बसत नाही. २६ जुलै २०२१ ला मरिनर्सनी ह्यूस्टनविरुद्ध ०-७ वरून ११-८ असा सामना खेचला. खोलीत जल्लोष. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा क्लोजर केंडल ग्रेव्हमन ह्यूस्टनला दिला गेला, म्हणजे त्याच इमारतीतल्या समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये. खेळाडू संतापले. त्याच्या बदल्यात आलेल्या अब्राहम टोरोने आदल्या रात्री सिॲटलविरुद्ध होम रन मारला होता. त्या रात्री सिॲटलकडून मारला. संघ कोसळला नाही. ९० सामने जिंकले आणि प्लेऑफची आशा हंगामाच्या शेवटच्या दिवशी संपली. मधे ३१ ऑगस्टला ह्यूस्टन पुन्हा सिॲटलमध्ये आलं. आठव्या डावात, धावफलक कोरा, तिन्ही बेस भरलेले, चेंडू टाकायला ग्रेव्हमन आणि समोर बॅट घेऊन टोरो. टोरोने चेंडू कुंपणापार मारला. मरिनर्स ४-० ने जिंकले.