वाफेला वेसण

सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेच्या कायद्याने भारतात ई-सिगरेटवर बंदी आली. त्या कायद्यातला सर्वांत काटेकोर भाग म्हणजे त्यातली व्याख्या. एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे ओढण्याजोगे एरोसॉल (हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म थेंब) तयार करणारे कोणतेही विद्युत उपकरण या व्याख्येत येते, मग त्यात निकोटिन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, त्याचे नाव आणि आकार काहीही असो. तंबाखू न जाळता नुसता तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्काही त्यातच मोडतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळलेली आहेत. इतकी घट्ट विणलेली व्याख्या फार थोड्या देशांनी केली असेल, आणि तरीही आज मुंबई-पुण्यातल्या महाविद्यालयीन मुलाला ‘व्हेप’ (ई-सिगरेटचेच रोजच्या बोलण्यातले नाव) म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कायद्याच्या जाळ्यातून ही वस्तू नेमकी कुठून निसटते, हे समजण्यासाठी आधी ती वस्तूच उघडून पाहायला हवी.

एकदा वापरून फेकून द्यायच्या व्हेपमध्ये फार काही नसते. जाडसर पेनाएवढी नळी, तिच्या तळाशी हवेची ओढ जाणवताच जागा होणारा चिमुकला सेन्सर, त्यावर लिथियम-आयन सेल आणि सेलच्या वर द्रवाने थबथबलेला कापसासारखा बोळा, ज्याच्या मधोमध बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. तोंडाने ओढले की सेन्सर वीज सोडतो, तार तापते, बोळ्यातला द्रव उडतो आणि पुढच्या गार हवेत त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. सगळे त्याला वाफ म्हणतात, पण ती धुक्याच्या जातीची चीज आहे. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि आंब्यापासून पुदिन्यापर्यंत कुठलाही स्वाद असतो. आजच्या ई-सिगरेटचे जनकत्व होन लिक या चिनी फार्मासिस्टकडे जाते. २००३ च्या सुमारास त्यांनी हे उपकरण घडवले तेव्हा ते स्वतः सिगरेट ओढत होते; त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

पहिल्या दशकभरात या उपकरणाला एक नैसर्गिक मर्यादा होती, ती म्हणजे माणसाचा घसा. निकोटिन हे आम्लारिधर्मी असते आणि मुक्त रूपात ते घशाला झोंबते. द्रवात त्याचे प्रमाण वाढवत नेले की ओढणारा खोकून खोकून हैराण होतो. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ या ई-सिगरेटने या द्रवात बेंझोइक आम्ल मिसळले. आम्लामुळे निकोटिनचा क्षार बनतो, झोंबणे कमी होते आणि मिलिलिटरमागे ५९ मिलिग्रॅमइतके तीव्र मिश्रणही पहिल्यांदा ओढणाऱ्या मुलाच्या घशाखाली सहज उतरते. युरोपीय संघाने ही मर्यादा २० मिलिग्रॅमवर ठेवली होती, अमेरिकेत तशी मर्यादाच नव्हती. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिथल्या शाळांच्या स्वच्छतागृहांत काय चालते याची चर्चा सुरू झाली, तिचे मूळ या साध्या रासायनिक अभिक्रियेत होते. निकोटिन मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोचते, तिथल्या पेशींवरच्या ‘रिसेप्टर’ना चिकटून डोपामिन हे सुखावणारे रसायन सोडवते, आणि वाढत्या वयातला मेंदू ही सवय फार लवकर शिकतो.

आता प्रश्न अपायाचा. सिगरेटचे पेटते टोक झुरका घेताना ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि सिगरेटचा बहुतेक घात त्या ज्वलनात आहे. त्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो संयुगे निघतात. व्हेपमध्ये जळत काहीच नाही, त्यामुळे यातले बरेचसे तयारच होत नाही. तार जास्त तापली किंवा बोळा कोरडा पडला तर फॉर्माल्डिहाइड बनते, वेटोळ्यातून निकेल-क्रोमियमसारखे धातू थोडेफार उतरतात, आणि वीस-तीस वर्षांच्या वापराचे परिणाम कळायला तेवढी वर्षे जावी लागतील. या दोन बाजूंपैकी कशाला वजन द्यायचे यावर देशादेशांची धोरणे फुटली. ब्रिटनने ‘सिगरेटपेक्षा बरी’ ही बाजू उचलली. तिथे ८८६ जणांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सतत सांगितला जातो. त्यात वर्षभरानंतर ई-सिगरेट दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगरेट सुटलेली होती, तर निकोटिनचे गम किंवा पट्ट्या वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्क्यांची. याच प्रयोगातला दुसरा आकडा कमी वेळा सांगितला जातो: पहिल्या गटातले जे सुटले त्यांतले ८० टक्के वर्षाअखेरीसही व्हेप ओढतच होते, दुसऱ्या गटात गम किंवा पट्ट्या अजून वापरणारे ९ टक्केच होते. धूर सुटला, निकोटिन सुटले नाही.

ब्रिटनचा युक्तिवाद आपल्याकडे जसाच्या तसा आणता येत नाही, याचे कारण आपल्या तंबाखूच्या प्रकारात आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ जेमतेम ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे, मळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. विदर्भातल्या खर्रा खाणाऱ्याला किंवा सकाळी तव्यावर मशेरी भाजणाऱ्या बाईला ई-सिगरेट हा कशाचाच पर्याय नाही. ती आली असती तर प्रामुख्याने शहरी, तरुण आणि आधी काहीच न घेणाऱ्या मुलांकडे आली असती. त्यामुळे बंदीचा हेतू मला चुकीचा वाटत नाही. बिडी, सिगरेट आणि तंबाखूची पुडी मात्र खुलेआम विकली जात राहिली, हा विरोधाभास ज्याला दिसत नाही त्याने कोपऱ्यावरच्या टपरीकडे एकदा पाहावे.

बंदीच्या त्या महिन्यांत अमेरिकेतून फुप्फुसांच्या गूढ आजाराच्या बातम्या रोज येत होत्या. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. जगभर ‘व्हेपने माणसे मरतात’ असा अर्थ घेतला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तपासलेल्या २९ रुग्णांच्या फुप्फुसांतल्या द्रवात, एकही अपवाद न होता, ‘ई’ जीवनसत्त्वाचे अॅसिटेट सापडले. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे तेल महाग, म्हणून काळ्या बाजारातल्या काडतुसांत (व्हेपमध्ये बसवायच्या भरलेल्या कुप्यांत) भर घालायला हे तेलकट संयुग वापरले जात होते. पोटात निरुपद्रवी असणारा हा पदार्थ फुप्फुसात गेल्यावर घातक ठरला. म्हणजे ज्या घटनेने अनेक सरकारांना बंदीकडे ढकलले, ती मुख्यतः बेकायदा आणि तपासणीबाहेरच्या मालाची घटना होती.

अमेरिकेने पुढे जे केले ते नियमनाच्या अभ्यासकांनी पाठ करावे असे आहे. २०२० च्या सुरुवातीला अन्न व औषध प्रशासनाने काडतूस बदलता येणाऱ्या उपकरणांतल्या फळांच्या आणि पुदिन्याच्या स्वादांवर कारवाई सुरू केली, पण वापरून फेकायच्या व्हेपना त्या धोरणातून वगळले. मुले काही महिन्यांत फेकायच्या व्हेपकडे वळली आणि ‘पफ बार’ हे नाव घराघरांत पोचले. मग या कंपनीने २०२१ मध्ये तंबाखूपासून न काढलेले, प्रयोगशाळेत बनवलेले निकोटिन वापरत असल्याचे जाहीर केले, कारण कायद्यात ‘तंबाखू उत्पादन’ म्हणजे तंबाखूपासून बनवलेले किंवा काढलेले असे लिहिलेले होते. रेणू तोच, उगम वेगळा, आणि कायद्याचा हात पोचेना. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने ‘कोणत्याही स्रोतापासूनचे निकोटिन’ असे शब्द घालून ही फट बुजवली. त्यावर आलेला पुढचा डाव म्हणजे ६-मिथिल निकोटिन. निकोटिनच्या वलयावर कार्बन-हायड्रोजनचा एक छोटा गट जोडला की शरीराला तो निकोटिनचा भाऊबंद वाटतो, पण कायद्याच्या शब्दांत ते निकोटिन नसते. माणसांवर त्याचा अभ्यास नगण्य आहे. पदार्थाला नाव देऊन बांधायला गेले की रसायनशास्त्रज्ञाला दर वेळी एक नवा रेणू सापडतो.

उपकरणाला बांधायला जावे तर काय होते, ते ब्रिटनने दाखवले. १ जून २०२५ पासून तिथे एकदाच वापरायच्या व्हेपची विक्री बंद झाली. कारण मुलांच्या आरोग्याइतकेच कचऱ्याचेही होते. २०२३ च्या एका अंदाजानुसार आठवड्याला पन्नास लाख व्हेप, म्हणजे तितकेच लिथियम सेल, कचऱ्यात जात होते. नियमानुसार आता उपकरण चार्ज करता आले पाहिजे, त्यात द्रव पुन्हा भरता आला पाहिजे. उत्पादकांनी काय केले? तोच आकार, तेच रंग, जवळजवळ तीच किंमत, आणि तळाशी चार्जिंगचे एक भोक. ते भोक वापरायचे की नाही हे गिऱ्हाइकावर सोडलेले. कागदावर वस्तू ‘पुनर्वापराची’ झाली आणि अनेकांच्या हातून संपल्यावर कचऱ्यातच जात राहिली.

भारतीय कायद्याच्या व्याख्येत या दोन्ही फटी नाहीत, कारण त्याला निकोटिनशी देणेघेणे नाही आणि चार्जिंगशीही नाही. आपल्याकडची फट व्याख्येत नसून बाजारात आहे, आणि त्या बाजाराचा अनुभव महाराष्ट्राला २०१२ पासून आहे. गुटखा आणि पानमसाल्यावर राज्याने त्या वर्षी जुलैत बंदी घातली. अन्न सुरक्षा कायद्यानुसार आयुक्तांना ही बंदी एका वेळी फार तर वर्षभरासाठी घालता येते, म्हणून दरवर्षी नवा आदेश निघतो आणि दरवर्षी शेजारच्या राज्यांतून येणारे ट्रक पकडल्याच्या बातम्याही निघतात. टपरीवर पुड्यांच्या माळा आता टांगलेल्या नसतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाने बोटांनी खूण केली की पुडी फळीखालून किंवा शेजारच्या डब्यातून येते, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन. इतर काही राज्यांत पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची चिमुकली पुडी वेगळी अशी जोडी विकली गेली आणि दोन्ही फाडून तळहातावर मिसळायचे काम खाणाऱ्याकडे आले. बंदी निरर्थक ठरली असे मी म्हणणार नाही. माळा खाली उतरल्या आणि शाळकरी पोरांच्या डोळ्यांसमोरून जाहिरात गेली, ही कमाई आहे. मात्र माल दिसेनासा होणे आणि माल नसणे यांतले अंतर फळीखाली असते.

ई-सिगरेटच्या बाबतीत ती फळी गुटख्याहूनही खोल आहे. व्हेपला शेत लागत नाही, कारखाना शेजारच्या राज्यात असावा लागत नाही. चीनमधल्या शेन्झेनहून निघालेल्या कंटेनरमध्ये खेळण्यांच्या आड तो मावतो. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंद्रा बंदरात पकडलेल्या एका साठ्यात सुमारे दोन लाख नग होते आणि त्यांची किंमत ४८ कोटी रुपयांच्या घरात लावली गेली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा विक्रेत्याला आहे. ओढणाऱ्याला शिक्षा देणारे कलम कायद्यात नाही, आणि ते नाही हे बरेच आहे. मात्र अंमलबजावणी मुख्यतः पोलिस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यांकडे आहे. ज्या ठाण्यात चोऱ्या, अपघात, बंदोबस्त आणि सणावारांची ड्यूटी एकाच टेबलावर येते, तिथे मोबाईलवर निरोप पाठवून दुचाकीवरून पोचवली जाणारी पेनाएवढी नळी कितव्या क्रमांकावर असेल?

ऑस्ट्रेलियाने मधला मार्ग काढून पाहिला. २०२१ पासून डॉक्टरांची चिठ्ठी, जुलै २०२४ पासून विक्री फक्त औषधांच्या दुकानांत आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून प्रौढांना कमी तीव्रतेचा माल फार्मासिस्टच्या सल्ल्याने, चिठ्ठीशिवाय. सिगरेटवरचा कर तिथे आधीच आकाशाला भिडला होता, त्यामुळे चोरट्या सिगरेट आणि चोरटे व्हेप आपसांत झगडणाऱ्या त्याच टोळ्यांच्या हाती गेले. व्हिक्टोरिया राज्यात मार्च २०२३ नंतर तंबाखूच्या दुकानांना आगी लावण्याचे शंभराहून अधिक प्रकार घडले. सिंगापूरने २०१८ पासून बाळगणेसुद्धा गुन्हा ठरवले होते. तिथे चोरट्या व्हेपमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे एटोमिडेट मिसळलेले सापडू लागले, आणि सप्टेंबर २०२५ पासून ते अमली पदार्थांच्या यादीत टाकावे लागले. छोटे बेट, कडक कायदा, कडक अंमल, आणि तरीही नळीत काय आहे हे तपासल्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

तंबाखू सोडवणाऱ्या समुपदेशकाचा पहिला प्रश्न ‘दिवसाला किती?’ हा असतो. बिडीवाला बंडल सांगतो, सिगरेटवाला पाकिटे सांगतो, गुटखावाला पुड्या सांगतो, आणि त्यावरून निकोटिनचा गम दोन मिलिग्रॅमचा द्यायचा की चारचा, दिवसातून किती वेळा, हे ठरते. व्हेप ओढणारा मुलगा खोक्यावरचा आकडा सांगतो, पाच हजार झुरके, दहा हजार झुरके. त्या खोक्यावर निकोटिनचे जे प्रमाण छापलेले असते ते कोणत्याही भारतीय प्रयोगशाळेने विक्रीआधी तपासलेले नसते, कारण जी वस्तू देशात असायलाच नको तिचे प्रमाणीकरण करायचे कुणी? समुपदेशक वहीत प्रश्नचिन्ह काढतो आणि उठल्यावर पहिला झुरका किती मिनिटांनी घेतोस, एवढेच विचारून पुढे जातो.