जांभई

तोंड मोठे उघडून आत ओढलेला दीर्घ श्वास, स्नायूंचा ताण शिगेला पोचतो तो एक क्षण आणि त्यापाठोपाठ सोडलेला तुलनेने आखूड उच्छ्वास, अशा तीन टप्प्यांत घडणाऱ्या अनैच्छिक शारीरिक क्रियेला जांभई म्हणतात. ती साधारणपणे पाच-सहा सेकंद टिकते. एकदा सुरू झालेली जांभई मध्येच थांबवता येत नाही. फार तर ओठ घट्ट मिटून दाबता येते. मातेच्या उदरातील गर्भही तिसऱ्या महिन्याच्या सुमारास जांभया देऊ लागतो, हे सोनोग्राफीमध्ये दिसून आले आहे. यावरून ही क्रिया शिकावी लागत नाही, हे उघड आहे. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्यातही ती आढळते.

जांभई केवळ तोंडाची हालचाल नाही. जबडा पूर्ण खाली जातो, डोळे मिटतात आणि अश्रुग्रंथींवर दाब पडून डोळ्यांच्या कडांना पाणी येते. मधल्या कानातील स्नायू आकुंचन पावल्यामुळे क्षणभर आवाज दबल्यासारखे ऐकू येतात, आणि मधला कान व घसा यांना जोडणारी यूस्टेशियन नलिका उघडल्यामुळे कानाला बसलेले दडे सुटतात. सकाळच्या जांभईला पुष्कळदा आळोखेपिळोख्यांची जोड असते. जबड्याच्या ताणाला या क्रियेत किती महत्त्व आहे, हे कोणालाही स्वतःवर पडताळता येते : जांभई येत असताना दातांवर दात दाबून धरावेत. श्वास आत जातो, छाती भरते, पण जांभई पुरी झाल्याचे समाधान मिळत नाही.

रक्तातील ऑक्सिजन कमी झाला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला की जांभई येते, असे दीर्घकाळ मानले जात होते आणि आजही ते सर्रास सांगितले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ही समजूत प्रयोगाने तपासली. त्यांनी काही जणांना शुद्ध ऑक्सिजन, तर काहींना ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली. कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासाची गती वाढली. जांभयांच्या संख्येत मात्र फरक पडला नाही. व्यायामानंतरही हेच दिसले. त्यामुळे हे स्पष्टीकरण आता बाजूला ठेवायला हवे.

जांभया केव्हा येतात, हे पाहिले तर अधिक उलगडा होतो. झोपण्यापूर्वी आणि उठल्यानंतर त्या सर्वाधिक असतात, कंटाळवाण्या कामात वाढतात, आणि शर्यतीच्या आधी खेळाडूला किंवा विमानातून उडी घेण्यापूर्वी छत्रीधारी सैनिकालाही येतात. म्हणजे सतर्कतेची एक पातळी सोडून शरीर दुसरीकडे जात असते, त्या संधिकाळात जांभई येते. समोरचा जांभई देतो म्हणजे त्याचे लक्ष नाही, हा निष्कर्ष म्हणूनच अनेकदा अन्यायकारक ठरतो. जागे राहण्याची त्याची धडपडही त्यामागे असू शकते. अमेरिकन संशोधक अँड्र्यू गॅलप यांच्या मते जांभईमुळे मेंदूचे तापमान खाली येते. कपाळावर थंड पट्टी ठेवलेल्यांना इतरांच्या जांभया पाहून कमी जांभया आल्या, असे त्यांच्या २००७ सालच्या प्रयोगात आढळले. या मतावर आक्षेप घेतले गेले असून त्यावर एकमत झालेले नाही.

जांभईचे सर्वांत लक्षवेधी वैशिष्ट्य म्हणजे तिची लागण. दुसऱ्याची जांभई पाहून, तिचा आवाज ऐकून, इतकेच नव्हे तर तिच्याविषयी वाचूनही जांभई येते. प्रोव्हाइन यांनी चित्रफितीतील चेहऱ्याचे तोंड झाकून दाखवले, तरी लागण कमी झाली नाही; म्हणजे तोंडापुढे हात धरल्याने सभ्यता राखली जाते, लागण टळत नाही. अर्भकांना आपल्या आपण जांभई येते, पण दुसऱ्याची लागण चार-पाच वर्षांच्या वयापासूनच ठळकपणे दिसू लागते. चिंपँझींमध्ये आणि कुत्र्यांमध्येही ती नोंदवली गेली आहे. अनोळखी व्यक्तीपेक्षा नातलग व मित्र यांच्या जांभईची लागण अधिक होते, असे इटालियन संशोधकांनी २०११ साली दाखवले, आणि त्यावरून या लागणीचा संबंध सहानुभूतीशी जोडला गेला. ही कल्पना मनाला भावणारी असली, तरी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ३२८ जणांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहानुभूतीशी ठोस नाते आढळले नाही. वयाचा परिणाम तेवढा दिसला, तोही थोडा : वाढत्या वयात लागण कमी होते.

जांभईचे नियंत्रण अधश्चेतक आणि मस्तिष्कस्तंभ या मेंदूच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या, भागांकडे असून डोपामीन व ऑक्सिटोसीन ही रसायने त्यात सहभागी असतात. इच्छेने चेहरा हलवू न शकणाऱ्या काही रुग्णांचे तोंड जांभई येताच पूर्ण उघडते. पक्षाघाताने लुळा पडलेला हात जांभईबरोबर आपोआप वर उचलला जाण्याचीही उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. अशा वेळी हात बरा होऊ लागल्याची आशा कुटुंबीयांना वाटते, म्हणून डॉक्टरांनी ही गोष्ट त्यांना समजावून सांगणे आवश्यक असते. अतिजांभया बहुतेकदा अपुऱ्या झोपेमुळे, तर कधी नैराश्यावरील काही औषधांमुळे येतात. क्वचित मोठ्या जांभईने जबड्याचा सांधा निखळतो आणि तो डॉक्टरांकडून बसवून घ्यावा लागतो.