खुलासा: स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या पृष्ठभागावरचे धातूपण जन्मजात नसते

स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्फटिक निर्वातात फोडला की त्याचा पृष्ठभाग आपोआप धातूसारखा वागतो आणि फोटोएमिशन (प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याचे तंत्र) फक्त त्याचे चित्र टिपते, हा समज बराच रूढ आहे. तो चुकीचा आहे. सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जादरी (इलेक्ट्रॉनांना वाहण्यासाठी ओलांडावे लागणारे ऊर्जेचे अंतर) असलेला हा विद्युतरोधक आहे. पृष्ठभागालगतच्या द्विमितीय इलेक्ट्रॉन थराचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले मापन गाजले, पण तो थर बहुतांशी मापनाचा प्रकाशच घडवतो.

तीव्र अतिनील किरणांनी पृष्ठभागावरचे ऑक्सिजन अणू सुटतात. प्रत्येक रिकाम्या जागेमागे जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन उरतात. त्यांतले काही टायटॅनियमच्या 3d कक्षकांपासून बनलेल्या ऊर्जापट्ट्यांत जाऊन वाहू लागतात, काही तिथेच अडकतात आणि फर्मी पातळीखाली (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या सीमेखाली) सुमारे १.३ इलेक्ट्रॉनव्होल्टवर वर्णपटात उंचवटा दाखवतात.

म्हणून एकाच चित्रावर भिस्त ठेवू नका. न उजळलेल्या जागेपासून सुरुवात करा, ठरावीक अंतराने वर्णपट नोंदवा, मग शेजारच्या ताज्या जागी जा. तिथे पट्टे पुन्हा शून्यापासून वाढले, तर कर्ता प्रकाशच. त्यानंतर किंचित ऑक्सिजन सोडा; पट्टे विरळ होतात. ही चाचणी आम्हाला सर्वांत खात्रीची वाटते.

नमुना शुद्ध असेल तर बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची भरपाई न झाल्याने तो धनभारित होतो, वर्णपट जास्त बंधनऊर्जेकडे (फर्मी पातळीपासून खाली मोजलेल्या ऊर्जेकडे) सरकून पसरतो. हे टाळण्यासाठी नायोबियमची अल्प भेसळ असलेला स्फटिक घ्या आणि फर्मी पातळी नमुन्याशी विद्युतसंपर्कात असलेल्या सोन्यावर ठरवा.