काळा दाणा तोच, बुरशी मात्र वेगळी

शेतात अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडतो. काटा निघतो, जखम भरून येते, माणूस विसरून जातो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी त्याच जागी टणक गाठ येते. ती दुखत नाही, त्यामुळे दवाखान्यात जायची घाई कोणी करत नाही. पुढे पाऊल सुजून बेढब होतं, कातडीला भोकं पडतात आणि पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येऊ लागतात. या रोगाचं नाव मायसेटोमा. मदुराईतल्या रुग्णांची नोंद १८४२ साली झाली, म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ असंही म्हणतात.

हा रोग बुरशीचा आहे ही मांडणी मुंबईत झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास रुग्णांच्या पावलांतले दाणे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दाणे काळे असतात, पांढरट असतात, क्वचित लालही असतात, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. रंग वेगळे असूनही पायाची अवस्था सगळीकडे सारखीच कशी, हा प्रश्न त्या नोंदींतच दडलेला होता.

उत्तराचा पहिला भाग १९१३ मध्ये मिळाला. पिनॉय या फ्रेंच संशोधकाने मायसेटोमाचे दोन गट पाडले. काही रुग्णांमध्ये तो बुरशीमुळे होतो, तर काहींमध्ये बुरशीसारखे तंतू वाढवणाऱ्या जिवाणूंमुळे. आज ७० हून अधिक सूक्ष्मजीव या रोगाला कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मला जास्त नवल वाटतं ते बुरश्यांच्या गटाचं. काळा दाणा हातात घेतला तर तो खसखशीएवढा असतो आणि चांगलाच कडक. काचपट्टीवर दाबून फोडला की आत तपकिरी तंतू दिसतात, एका गडद चिकट द्रव्यात घट्ट रुतलेले. बहुतेक वेळा हे काम मॅड्युरेला मायसेटोमॅटिस या बुरशीचं असतं. पण तसाच काळा दाणा फॅल्सिफॉर्मिस्पोरा सेनेगॅलेन्सिस आणि ट्रेमॅटोस्फेरिया ग्रीसिया याही बुरश्या तयार करतात. मॅड्युरेला एका वर्गातली, तर या दोघी दुसऱ्याच. त्यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, जनुकं वेगळी आहेत, आणि तरी माणसाच्या पायात शिरल्यावर तिघी एकाच थराला जातात.

हे कसं घडतं? माणसाला आजारी पाडण्यात या बुरश्यांचा काहीच फायदा नाही. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पायात अडकलेल्या बुरशीची पुढची वाट तिथेच बंद होते. त्यांचं खरं घर म्हणजे माती आणि कुजणारा पालापाचोळा. तिथे ऊन, कोरडेपणा, उष्णता सोसावी लागते. त्यासाठी यातल्या अनेक जणी मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार करतात. काट्याबरोबर शरीरात गेल्यावर तेच मेलॅनिन पांढऱ्या पेशींच्या रासायनिक माऱ्यापासून बचाव करतं. एकाच प्रकारच्या जमिनीत जगायला शिकल्यामुळे दूरच्या जातींकडे सारखी हत्यारं आली, आणि ती माणसाच्या पायातही चालली.

सगळं मेलॅनिनवर मात्र ढकलता येत नाही. स्केडोस्पोरियम बॉयडी या बुरशीचे दाणे पांढरट असतात, आणि पायाची दशा तीच होते. इथे शरीराचा वाटा पाहावा लागतो. तंतू एकमेकांना चिकटून दाणा झाला की पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गर्दी करतात, पण आत घुसून त्याला संपवू शकत नाहीत. मारता येत नाही म्हणून शरीर त्याला कोंडून घालायला बघतं. सूज, गाठ, पू, भोकं हे बरंचसं या न संपणाऱ्या वेढ्यातून येतं. समोर कोणती बुरशी आहे याने शरीराच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. जिवाणूंच्या दाण्यांभोवतीही असाच वेढा पडतो, म्हणून तिथेही पाय तसाच दिसतो.

उपचारांत मात्र हा फरक फार महागात पडू शकतो. जिवाणूंचा मायसेटोमा प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. बुरशीजन्य मायसेटोमाला सहसा इट्राकोनॅझोल महिनोन्महिने द्यावं लागतं, जोडीला शस्त्रक्रिया, आणि तरीही काहींचा पाय कापावा लागतो. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की मॅड्युरेलाचं मेलॅनिन या औषधाला बांधून ठेवतं आणि त्याचा जोर कमी करतं.

बुरशी ओळखायची रूढ पद्धत म्हणजे तिचे बीजाणू पाहणं. मॅड्युरेला प्रयोगशाळेत वाढवली तर अनेकदा बीजाणूच धरत नाही, नुसते तंतू पसरत राहतात. त्यामुळे काळा दाणा दिसला की ‘मॅड्युरेला मायसेटोमॅटिस’ लिहून मोकळं व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. डीएनए वाचायला सुरुवात झाल्यावर त्या एका नावाखाली दडलेल्या इतर जाती सापडल्या. २०१२ मध्ये वर्णन झालेली मॅड्युरेला फाहाली ही त्यांपैकी एक. सुदानी डॉक्टर अहमद हसन फाहाल यांच्यावरून तिचं नाव ठेवलं आहे. ती इट्राकोनॅझोलला दाद देत नाही, असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत आढळलं. म्हणजे ज्या औषधावर सगळी भिस्त, तेच तिथे लंगडं पडण्याची भीती.

म्हणून दाण्याच्या रंगावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं. सुदानमध्ये फॉसराव्हुकोनॅझोल या नव्या औषधाची चाचणी झाली. रोज घ्यायच्या इट्राकोनॅझोलऐवजी हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. खेड्यातल्या रुग्णासाठी ही केवढी मोठी सोय! पण ती चाचणी मॅड्युरेला मायसेटोमॅटिसच्या रुग्णांवर झाली. फॅल्सिफॉर्मिस्पोराच्या किंवा ट्रेमॅटोस्फेरियाच्या रुग्णाला ते किती उपयोगी पडेल, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही.